भाडेतत्त्वावरील बसचे चालक : वेतनाची हमी करारातच हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बेस्टच्या बहुसंख्य बस आज बेस्टच्या मालकीच्या नाहीत. बसचा रंग, मार्ग क्रमांक, थांबे, भाडे आणि तिकिटावरचे नाव हे सगळे बेस्टचे असते. बस मात्र ठेकेदार कंपनीची असते आणि ती चालवणारा चालकही त्याच कंपनीच्या हजेरीपटावर असतो. बेस्ट उपक्रमाच्या कागदपत्रांत या बसना ‘भाडेतत्त्वावरील बस’ म्हणतात, तर आगारात सगळे त्यांना ‘वेट लीज’ म्हणूनच ओळखतात. बेस्ट ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर देते आणि बसचे हप्ते, देखभाल, विमा व चालकांचा पगार हे ठेकेदाराने त्या दरातून भागवायचे असते. या व्यवस्थेत प्रवाशाचे काय होते याची चर्चा वृत्तपत्रांतून अधूनमधून होते. चालकांचे काय होते याकडे मात्र संप झाला किंवा अपघात झाला तरच लक्ष जाते. म्हणून हे पत्र.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवस संप केला आणि तो मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मिटला. त्याच वर्षी जूनमध्ये कामगार संघटनेबरोबर झालेल्या सामंजस्य करारात बेस्टने स्वमालकीचा ३,३३७ बसचा ताफा कायम राखावा असे ठरले आणि त्या बदल्यात भाडेतत्त्वावरील बसना वाट मोकळी झाली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे साध्या बससाठी ५ रुपये आणि वातानुकूलित बससाठी ६ रुपये झाले. त्याचा लाभ माझ्यासारख्या लाखो प्रवाशांना अनेक वर्षे मिळाला आणि मे २०२५ मध्ये हे भाडे अनुक्रमे १० व १२ रुपये झाले तोवर शहरात त्याहून स्वस्त सार्वजनिक प्रवास क्वचितच होता. भाडेतत्त्वावरील बस आल्या. ३,३३७ स्वमालकीच्या बसचे वचन मात्र पाळले गेले नाही. उपक्रमाच्या जुन्या बस आयुर्मान संपून भंगारात निघत गेल्या, त्यांच्या जागी पुरेशा नव्या घेतल्या गेल्या नाहीत आणि आज स्वमालकीचा ताफा त्या आकड्याच्या जवळपासही नाही.

किलोमीटरचा दर कमी ठेवायचा तर बचत कोठून करायची, याचा विचार केला पाहिजे. बसची किंमत बाजार ठरवतो, कर्जाचे व्याज बँक ठरवते, सुटे भाग आणि टायर सर्वांना जवळपास त्याच भावाने घ्यावे लागतात. निविदा भरणाऱ्याच्या हाती खऱ्या अर्थाने उरतो तो एकच खर्च, आणि तो म्हणजे माणसांचा. म्हणून सर्वात कमी दराची निविदा स्वीकारणारी संस्था, तिचा तसा हेतू नसला तरी, चालकाच्या पगारावर बोली लावत असते.

त्याचा परिणाम ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वांनी पाहिला. २ ऑगस्टला घाटकोपर आणि मुलुंड आगारांतील एका ठेकेदाराच्या चालकांनी काम थांबवले आणि काही दिवसांतच ते लोण इतर ठेकेदारांच्या चालकांपर्यंत व शहरातील बहुतेक आगारांपर्यंत पोहोचले. महिन्याला १६ ते १८ हजारांच्या आसपास पगार मिळणारे हे चालक २५ हजार रुपये मागत होते आणि त्याबरोबर बेस्टच्या बसमधून मोफत प्रवासाची सवलतही मागत होते. ही दुसरी मागणी मला विशेष बोलकी वाटली. पहाटेची पहिली बस बाहेर काढण्यासाठी जो माणूस बदलापूर किंवा विरारहून निघतो, त्याला स्वतःच्या आगारापर्यंत पोहोचण्यासाठीही तिकीट काढावे लागत होते. तो आठवडाभर शहराचे हाल झाले, एसटीच्या बस मागवाव्या लागल्या आणि अखेर मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर काम सुरू झाले. त्या संपात एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली, ती अशी की हे कर्मचारी आमचे नसून ठेकेदाराचे आहेत आणि त्यांचा प्रश्न त्यांनी ठेकेदाराशी सोडवावा.

या उत्तराशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण माझ्या पूर्वीच्या कामात आहे. मी निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या कार्मिक विभागात होतो आणि कंत्राटदारांची बिले मंजुरीसाठी माझ्या टेबलावरून जात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार वेतन वाटपाच्या वेळी मुख्य मालकाचा, म्हणजे ज्याच्यासाठी कंत्राटदार काम करतो त्या आस्थापनेचा, प्रतिनिधी हजर असावा लागे आणि वेतन नोंदवहीच्या शेवटी ‘अमुक रक्कम माझ्या समक्ष कामगारांना देण्यात आली’ असे प्रमाणपत्र लिहून त्याने सही करावी लागे. ती सही मी केली आहे. भविष्य निर्वाह निधीचे चलन आणि त्यासोबतची नावांची यादी हजेरीपटाशी ताडून पाहिल्याशिवाय बिल पुढे पाठवायचे नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता होता. हजेरीपटावर चाळीस नावे आणि चलनात एकतीस, असे निघाले की बिल तिथेच अडकत असे, आणि दोनच दिवसांत उरलेल्या नऊ जणांचे पैसे भरले जात. कंत्राटदार चांगला आहे की वाईट हा प्रश्न त्यात येतच नव्हता. बिल अडकते हे त्याला ठाऊक होते, एवढेच पुरेसे होते. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मुख्य मालकाने द्यावे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावे, हे त्या कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट होते. भविष्य निर्वाह निधी आणि कामगार राज्य विमा या दोन्ही योजनांतही वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावरच येते.

आमच्या वसाहतीत राहणारा एक तरुण भाडेतत्त्वावरील बस चालवतो. त्याची एका महिन्याची पगारपावती मी पाहिली. मूळ वेतन इतके कमी दाखवलेले की त्यावर बसणारी निधीची वर्गणीही तुटपुंजीच राहावी. उरलेली रक्कम वेगवेगळ्या भत्त्यांच्या नावाखाली विभागलेली. खाली कपातीच्या रकान्यात ‘नुकसान’ असे लिहून एका आरशाची किंमत वळती केलेली. आरसा गर्दीच्या रस्त्यावर दुसऱ्या वाहनाचा धक्का लागून फुटला होता. चौकशी झाली नाही आणि त्याचे म्हणणे कोणी विचारले नाही. पगार हाती आला तेव्हाच त्याला ही कपात समजली. एखादी फेरी वाहतूक कोंडीमुळे रद्द झाली की उपक्रम ठेकेदाराला दंड करतो आणि तो दंड आपल्यापर्यंत झिरपतो, अशीही त्याची तक्रार आहे. त्याच्याच मार्गावर त्याच अंतराची बस चालवणाऱ्या, बेस्टच्या स्वतःच्या नोकरीतील चालकाचे वेतन, रजा आणि उपदान (ग्रॅच्युइटी) त्याने मला मोजून दाखवले तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. ही तफावत आपल्याच कुठल्यातरी कमीपणामुळे आहे असे त्याला वाटू लागले होते, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

समान किंवा त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला मुख्य मालकाच्या कामगाराइतकेच वेतन मिळावे ही अट कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांत होतीच. २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेतील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत समान कामाला समान वेतन हे तत्त्व ठामपणे उचलून धरले. दुसरीकडे २००१ च्या स्टील अ‍ॅथॉरिटीच्या निकालानंतर कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही हेही ठरून गेले आहे. त्याच वर्षीच्या सिप्ला प्रकरणातील निकालामुळे, मालक-कामगार नाते आधी सिद्ध झाल्याशिवाय त्याला अनुचित कामगार प्रथांविरुद्ध महाराष्ट्राच्या कायद्याखाली मुख्य मालकावर तक्रारही दाखल करता येत नाही. थोडक्यात, हक्क कागदावर आहे आणि तो मागण्याचा दरवाजा अरुंद आहे. वर्षानुवर्षे न्यायालयात जाण्याची ऐपत ज्याच्यात नाही त्याच्यासाठी तो बंदच म्हटला पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि कंत्राटी कामगारांचा तसेच मोटार वाहतूक कामगारांचा कायदा त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत सामावला गेला. या संहितेतील एका तरतुदीकडे मी महापालिकेचे आणि उपक्रमाच्या विधी विभागाचे लक्ष वेधू इच्छितो. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमण्यास कलम ५७ मध्ये मनाई आहे. ज्या कामासाठी आस्थापना उभी राहिली ते तिचे मुख्य काम, अशी व्याख्या आहे. वाहतूक सेवेला या व्याख्येतून सूट आहे. पण ती आस्थापना वाहतुकीसाठीच उभी राहिलेली नसेल तरच. बेस्टच्या परिवहन विभागाचे मुख्य काम बस चालवणे हे नसेल तर दुसरे कोणते आहे? जे काम साधारणपणे कंत्राटदारामार्फतच होते त्याला आणखी एक अपवाद आहे, आणि ठेकेदारांचे वकील त्याचाच आधार घेतील हे उघड आहे. परंतु मुंबईत बस १९२६ पासून धावत आहेत, १९४७ मध्ये हा उपक्रम महापालिकेकडे आला आणि त्यानंतर सत्तर वर्षे चालक उपक्रमाच्याच सेवेत होते. गेल्या काही वर्षांतील प्रथा ही ‘साधारण’ प्रथा कशी म्हणता येईल, याचे उत्तर उपक्रमाने द्यावे. न्यायालयाचा निर्णय काय येईल ते मी सांगू शकत नाही. पण हा प्रश्न कोणी विचारण्याची वाट न पाहता उपक्रमाने स्वतः त्यावर आपली भूमिका जाहीर करणे योग्य ठरेल.

कायद्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही, कारण करार उपक्रमच लिहितो. भाडेतत्त्वाच्या करारात बस किती मिनिटे उशिरा सुटली तर किती दंड, वातानुकूलन बंद पडले तर किती दंड, बस अस्वच्छ असेल तर किती, हे सर्व बारकाईने लिहिता येते. ज्या लेखणीने हे लिहिले जाते तिने चालकाचे किमान वेतन, ते जमा होण्याची तारीख, पूर्वकल्पना आणि चौकशीशिवाय कपात न करण्याची अट आणि निधीच्या चलनाशिवाय बिल न देण्याची अटही लिहिता येईल. किंबहुना मी याहून पुढची मागणी करतो. ठेकेदाराचे बिल ज्या खात्यात जमा होते त्या खात्यातून पहिली रक्कम चालकांच्या वेतनाची आणि निधीची वळती व्हावी आणि उरलेली ठेकेदाराला मिळावी. बँकेचे हप्ते याच पद्धतीने सर्वांआधी वसूल होतात. मग वेतनाला हा मान का नसावा?

येथे केंद्र सरकारच्या एका निर्णयाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम-ई-बस सेवा योजना मंजूर झाली. तीत देशभरातील शहरांत १०,००० विद्युत बस सरकारी-खासगी भागीदारीतून चालवायच्या आहेत आणि ५७,६१३ कोटी रुपयांच्या खर्चापैकी २०,००० कोटी केंद्र देणार आहे. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये परिवहन संस्थांनी ठेकेदारांची देयके थकवली तर ती भागवण्यासाठी ३,४३५ कोटी रुपयांची देयक सुरक्षा योजना मंजूर झाली. ही योजना आवश्यक होती. देयके थकण्याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. मार्च २०२३ मध्ये याच कारणावरून पुण्यात पीएमपीएमएल या तेथील परिवहन संस्थेच्या ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या आणि शेकडो बस रस्त्यावर आल्या नाहीत. पण सरकारी संस्थेने ठेकेदाराचे पैसे थकवण्याची भीती ज्यांना दिसली, त्यांना ठेकेदाराने चालकाचे पैसे थकवण्याची भीती दिसू नये, याचे मला नवल वाटते. त्याच साखळीतला शेवटचा माणूस तेवढा असुरक्षित राहिला.

सरकारी अनुदानाला कामगार संरक्षणाची अट जोडणे ही अनोखी कल्पना नाही. अमेरिकेत १९६४ मध्ये शहरी वाहतुकीला केंद्रीय मदत सुरू झाली, तेव्हा तोट्यातल्या खासगी बस कंपन्या सार्वजनिक संस्था विकत घेत होत्या आणि त्या बदलात कामगारांचे सामुदायिक वाटाघाटीचे हक्क व सेवाशर्ती हिरावल्या जातील अशी भीती होती. म्हणून त्याच कायद्याच्या कलम १३(क) मध्ये अट घातली गेली की अशा संरक्षणाची व्यवस्था झाल्याशिवाय मदतीचा पैसा मिळणार नाही. ती तरतूद आजही लागू आहे. तेथे बदल खासगीकडून सार्वजनिकाकडे होता आणि आपल्याकडे तो उलट दिशेने आहे, म्हणून आपल्याला तिची गरज अधिकच आहे. पीएम-ई-बस सेवेत नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांचा समावेश आहे. मुंबईत जे आंदोलनातून उमगले ते या शहरांच्या करारांत आधीच उतरवता येईल.

दुसरा मुद्दा ठेकेदार बदलण्याचा. बेस्टच्या भाडेतत्त्वाच्या इतिहासात एकाहून अधिक ठेकेदारांनी परवडत नाही म्हणून मुदतीआधीच काम सोडले आहे. बस निघून जातात, मार्गावर दुसऱ्या कंपनीच्या बस येतात आणि काही दिवसांची गैरसोय सोडली तर प्रवाशाच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. चालकाची मात्र नोकरी जाते, अखेरच्या महिन्याचा पगार आणि निधीची थकबाकी यांसाठी बंद झालेल्या कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात. दुसऱ्या ठेकेदाराने घेतलेच तर तो नव्याने लागलेला समजला जातो. त्यामुळे उपदानासाठी लागणारी सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याची शक्यताच मावळते. त्याच आगारातून, त्याच मार्गावर, त्याच उपक्रमासाठी सलग काम करूनही कागदावर त्याची सेवा तुकड्यातुकड्यांची राहते. लंडनमध्ये बसमार्ग खासगी कंपन्यांना निविदेने दिले जातात, पण मार्ग एका कंपनीकडून दुसरीकडे गेला की त्या मार्गावरील चालक सर्वसाधारणपणे आपल्या जुन्या सेवाशर्ती आणि सेवेची वर्षे घेऊन नव्या कंपनीत जातात, कारण तशी तरतूद १९८१ पासून ब्रिटिश नियमांत आहे. तेथेही वेतनावरून संप होतात आणि सर्व काही आलबेल आहे असे मी म्हणत नाही. परंतु ठेकेदार बदलला म्हणून माणसाची मागची वर्षे पुसली जात नाहीत. आपल्या करारांत अशा आशयाचे एक कलम घालायला उपक्रमाला कोणाच्या परवानगीची गरज आहे, ते मला समजलेले नाही.

सुरक्षेविषयी वेगळे लिहायला हवे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर भाडेतत्त्वावरील एक विद्युत बस गर्दीत घुसली. अनेकांचे प्राण गेले आणि चाळीसहून अधिक जण जखमी झाले. त्या घटनेतील दोष ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. परंतु लहान बस चालवण्याची सवय असलेल्या माणसाच्या हाती बारा मीटर लांबीची, क्लच आणि गिअर नसलेली बस देण्यापूर्वी किती प्रशिक्षण द्यावे, ते कोणी द्यावे आणि कोणी तपासावे, हा प्रश्न त्या रात्रीनंतर सर्वांनी विचारला. प्रशिक्षणाचे दिवस म्हणजे ठेकेदारासाठी बिलात न येणारे किलोमीटर. जेथे उत्पन्न फक्त किलोमीटरवर मोजले जाते तेथे प्रशिक्षण, विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी या तिन्ही गोष्टी तोट्याच्याच ठरतात, म्हणून त्या ठेकेदाराच्या मर्जीवर सोडता कामा नयेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट वेतन हे सर्व ठरवून दिले होते. आमच्या वसाहतीतला तो चालक दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत बसच्या मागच्या लांब आसनावर आडवा होतो, कारण आगारातील विश्रांतीगृह आपल्यासाठी नाही असे त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले. कंत्राटी कामगारांना विश्रांती, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मिळाले नाही तर ते मुख्य मालकाने पुरवावे, हे १९७० पासून कायद्यात आहे. त्याच्या बसमध्ये साठ-सत्तर माणसे चढतात. तो विसावला आहे की नाही याची काळजी त्या माणसांनीही करावी.

उपक्रम तोट्यात आहे, खर्च वाढला तर भाडे वाढेल, असे याला उत्तर दिले जाईल. बेस्ट तोट्यात आहे हे खरे. पण शहराची बससेवा नफ्यासाठी चालत नाही आणि जगातील बहुतेक मोठ्या शहरांत ती अनुदानावरच चालते. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातून बेस्टला १,००० कोटी देण्यात आले. स्वस्त भाडे ही शहराने नागरिकांना दिलेली सवलत असेल तर तिचा भार शहराच्या तिजोरीने उचलावा. तो चालकाच्या ताटातून उचलणे अन्यायाचे आहे, आणि स्वस्त भाड्याचा लाभ घेतलेला प्रवासी म्हणून मला ते मान्य नाही. शिवाय कमी पगारामुळे चालक टिकत नाहीत, नव्यांना पुन्हा शिकवावे लागते, संपात फेऱ्या बुडतात आणि ठेकेदार मध्येच निघून गेला की थांब्यावरची रांग वाढते. हा खर्च निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात दिसत नसला तरी तो कोणीतरी भरतच असतो.

माझी विनंती मर्यादित आहे. बेस्टने सध्याच्या सर्व भाडेतत्त्व करारांतील कामगारविषयक कलमे आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावीत; प्रत्येक ठेकेदाराच्या चालकांची संख्या आणि निधीच्या चलनातील नावांची संख्या दर महिन्याला शेजारी शेजारी मांडावी; आणि पुढच्या निविदेत वेतनाची पातळी स्पर्धेबाहेर ठेवावी, म्हणजे चालकाचे वेतन उपक्रमाने ठरवून द्यावे आणि बोली उरलेल्या खर्चावर लागावी. आगारातील विश्रांतीगृह सर्व चालकांना खुले करण्यासाठी तर कराराचीही गरज नाही, आगार व्यवस्थापकाचे एक परिपत्रक पुरेल. आपल्या वृत्तपत्रानेही ही कलमे माहितीच्या अधिकारात मागवून वाचकांसमोर ठेवावीत. पुणे, नागपूर आणि इतर शहरांतील परिवहन संस्थांचे करारही त्याबरोबर मागवले, तर कोणत्या शहराने आपल्या चालकांसाठी काय लिहून ठेवले आहे हे वाचकांना स्वतः तपासता येईल.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, मुलुंड (पूर्व)